पांढऱ्या गाठी

कौतिक आबांच्या वावरात यंदा हरभरा आहे, ही बातमी थेट चोपड्यापर्यंत गेली होती, कारण ती आबांनी स्वतःच पोचवली होती. तापीकाठच्या त्या गावात आबा म्हणजे केळीवाले. चाळीस वर्षं त्यांनी केळीशिवाय दुसऱ्या पिकाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. केळीच्या दोन पिकांच्या मध्ये जमिनीला जरा दम म्हणून हरभरा घेतलाच तर तोही ठिबकमधून युरिया पाजून. पण लागोपाठ दोन वर्षं बागेवर व्हायरस आला, पानं पिवळी पडून चुरगळली, आणि आबांनी रागारागाने सगळी बाग उपटून तिथे हरभरा पेरला, आणि या खेपेला त्याला युरियाही दिला नाही. डिसेंबरात झाडं घोट्याच्या वर आली तशी रोज सकाळी दोन-चार माणसं गोळा करून ते वावरात न्यायचे. एक झाड उपटायचं, माती झटकायची आणि मूळ सगळ्यांच्या नाकासमोर धरायचं.

"देखा, कितल्या गाठी! मुळी तरी दिखस का? जितल्या गाठी तितलं पीक!"

माणसं "वा आबा, वा" म्हणायची. शेजारच्या रुपचंदला तर वा म्हणायची सवयच होती. आबांच्या बांधाला बांध असला की ती लागते.

त्या रविवारी मात्र जळगावहून दिपमाला आलेली होती. दिपमाला आबांची थोरली मुलगी. जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, वय छत्तीस, लग्न नाही. गावाच्या मते हा एक जुनाट आजारच. त्यात गेली तीन वर्षं ती खांद्याला पिशवी लावून पिंपळनेरपासून सावद्यापर्यंत लोकांच्या वावरांतला हरभरा उपटत फिरत होती. मुळांवरच्या गाठींत कोणते जिवाणू राहतात, कोणत्या शिवारात कोणत्या जातीचे, आणि ते तसे का झाले, हा तिचा अभ्यास. इतकं शिकून पोरगी शेवटी मुळंच उपटते, असं गावातल्या बाया म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं.

आबांनी झाड तिच्या हातात दिलं. "सांग रुपचंदले, मी सांगस ते खरं का खोटं."

तिने "खरं" म्हणायचं होतं. दुसरं काही अपेक्षित नव्हतं. पण तीन वर्षांची सवय अंगठ्यात उतरली आणि तिने नखाने एक गाठ चिरली. आत पांढरी. दुसरी चिरली. तीही कच्च्या तांदळासारखी पांढरीफटक.

"आबा, ह्या फुकट खानाऱ्या शेतस," ती म्हणाली.

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण मास्तरीण ती. वर्गात उभी असल्यासारखी सांगत सुटली. गाठीतले जिवाणू झाडाकडून साखर घेतात आणि बदल्यात हवेतला नत्र झाडाला देतात. काम चालू असलं की गाठ आतून लाल असते. पांढरी गाठ म्हणजे घर घेतलं, रोजचं जेवण घेतलं आणि काम काही नाही. आणि गाठी इतक्या का? तर झाड उपाशी आहे, एकीकडून मिळेना म्हणून दुसरीला आत घेतंय. हे जिवाणू असे का बिघडले? चाळीस वर्षं या जमिनीला आयता युरिया मिळाला. झाडाला मग यांची गरजच उरली नाही. कामसू आणि आळशी दोघे एका पंगतीत बसले, आणि कामसूंचा वंश हळूहळू मागे पडला. त्यांच्या पिढ्या माणसासारख्या वर्षांनी बदलत नाहीत, एका हंगामातच ढिगाने होऊन जातात.

रुपचंदला यातलं बरंच कळलं नाही. जे कळलं ते मात्र त्याने पटकन उचललं. "म्हंजे आबा, तुमना घरमा पाव्हनाच पाव्हना, कामले कोनीच नही!"

सगळे हसले. रुपचंदने इतक्या वर्षांच्या "वा आबा"चा वचपा एका वाक्यात काढला. आबा हसले नाहीत. त्यांनी मुळाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"मंग लाल गाठी कोना वावरमा शेतस?"

"काकूना," दिपमाला म्हणाली. "आपला शिवारमाच काय, मी हिंडेल त्या बठ्ठा शिवारमा तसं वावर नही."

हे बोलताना तिच्या आवाजात अभिमान होता, आणि तो पुढे तिला फार दिवस ऐकू येत राहिला.

काकू म्हणजे ताईबाई. आबांच्या धाकट्या भावाची, सुपडूची बायको. वाटण्या झाल्या तेव्हा नदीकडची काळी, पाण्याची जमीन थोरल्याकडे गेली आणि नाल्याच्या अंगचा एक कोरडवाहू तुकडा सुपडूच्या वाट्याला आला. एकराला थोडा कमीच. वीतभर माती, खाली मुरूम. पुढे सुपडू गेला. मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी कानबाई देवीचे रोट आले. श्रावणातल्या त्या रविवारी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात, त्याच्याच पिठाचं रांधतात आणि ते फक्त भाऊबंदकीने खायचं असतं. बाहेरच्याला घासही चालत नाही. त्या वर्षी ताईबाईच्या घरची मूठ पडली नाही, कारण नाव घ्यायला पुरुषच उरला नव्हता. ती पंगतीला येऊन बसली तेव्हा आबा मोठ्या मनाने सुनांना म्हणाले, "तिले बी वाढा, आपला वाटामातला शेतस."

ताईबाई पानावरून उठली. "मना नावना गहू नही, मंग मी कोना वाटाना रोट खाऊ?" एवढंच म्हणून घरी गेली, ती परत कधी थोरल्या घरी जेवली नाही. ज्वारी, हरभरा, बांधावर थोडी तूर, यावर तिचं वर्ष निघायचं. वावर चांगलं आहे म्हणून निघायचं असं कोणालाही वाटत नव्हतं. ती हट्टी आहे म्हणून निघतं, असं सगळे समजत होते.

तिच्या वावरात युरिया कधी पडला नाही. ती काही त्याच्या विरुद्ध नव्हती. गोण्या आबांच्या गोदामात यायच्या आणि तिथून तिच्यापर्यंत कोणी आणून द्यायचं नाही, आणि मागायला जाणं तिच्या रक्तात नव्हतं. बस्स, एवढीच त्या जमिनीची थोरवी.

दिपमाला पहिल्यांदा तिच्या बांधावर गाठी चिरायला बसली होती तेव्हा ताईबाई घाबरली होती. "हाई रोग शे का व माय? मी ते दरसाल देखस, मुळीले फोड येतस." गाठी मोजक्याच होत्या, पण चिरली ती प्रत्येक आतून लालभडक. "अय माय, रगत!" म्हणून तिने तोंडावर हात ठेवला होता.

"रगतसारखंच शे, काकू. हाई चांगलं शे."

मग दिपमालाने तिला सगळं सांगितलं. आंब धरायला ताईबाईने हरभऱ्यावर धुडकं पसरलं होतं. दवाबरोबर पानांचा आंबट रस त्यात उतरतो आणि तो ती पोटदुखीला वर्षभर पुरवायची. ते पिळता पिळता ती ऐकत होती. कोट्यवधी वर्षांमागे कुठल्यातरी झाडांनी या जिवाणूंना मुळांत घर दिलं. पुढे त्यांच्या वंशातल्या कितीतरी झाडांनी हा सोयरा सोडून दिला. आणि एकदा सोडलेल्यांत तो परत आलेला फारसा सापडत नाही, असं अभ्यासकांचं म्हणणं.

"कसाले सोडं?"

"काय माहीत. आयतं भेटनं आसी."

"मंग त्या आपलाच गावना आसतीन," ताईबाई म्हणाली आणि धुडकं पिळत राहिली.

दिपमालाला ती आवडायची. आईनंतर गावात तिला आवडणारं दुसरं माणूस नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईबाई माहेरी गेली. पिंपळनेरकडे तिचा भाऊ होता. केस पांढरे झाले तरी खान्देशातली बाई आखाजीला माहेरी जाते, यात काही नवल नाही. ती वर्षातून तेवढीच गाव सोडायची आणि सगळ्या भाऊबंदकीला ते ठाऊक होतं.

दिपमाला जळगावला होती. दुपारी तिच्या फोनवर धाकट्या भावाचा, कुंदनचा फोटो आला. वावरात जेसीबी, मागे मातीने भरलेल्या ट्रॉल्या, आणि पुढे कुंदन गॉगल लावून. खाली लिहिलं होतं, 'अक्का, तुझ्या बॅक्टेरियाचं शिफ्टिंग झालं. आबा एकदम खूश.' आणि पुढे दोन अंगठे.

तिने फोटो मोठा करून पाहिला. मागचं निंबाचं झाड तिने ओळखलं. ते काकूच्या वावरातलं होतं. मिळेल त्या एस.टी.ने ती गावी पोचली. आबा ओट्यावर चहा पीत होते.

"आबा, काय करं हाई?"

"काय करं म्हंजे? दर उन्हाळाले तलावना गाळ नही टाकतस का आपन? तशी माटी टाकी. घरनी माटी घरमाच उनी."

"काकूनी माटी शे ती!"

"मी काय फुकट लिधी का?" आबा खरोखरच दुखावले. "तिनी वीतभर माटी लिधी, तितलीच मनी दिधी. चाळीस वरीस खत खायेल काळी माटी! लोकं तिना साठे पाया पडतीन. तिना ते फायदाच व्हई गया."

आणि हे त्यांना मनापासून वाटत होतं. वाईट याचंच होतं. चोर असते तर तिला त्यांच्याशी भांडता आलं असतं. त्यांनी आपल्या वावराचा वरचा थर खरवडून ताईबाईच्या वावरात पसरला होता, नीट सपाट केला होता, बांधसुद्धा बांधून दिला होता. केळीच्या माणसाला माती म्हणजे काळी की तांबडी, जाड की पातळ, एवढंच कळतं. तिच्यात कोण राहतं हे त्यांच्या बापानेही कधी विचारलं नव्हतं.

दिपमाला ओरडली. म्हणाली, तुमच्या मातीबरोबर तुमचे फुकटे तिच्या वावरात गेले. तिचे कामसू तुमच्याकडे आले, पण तुम्ही युरिया देणार आणि तेही वाया जाणार. दोन्ही वावरं मेली. आबांनी कप खाली ठेवला.

"आनि मले सांगं कोनी? तूच ना? चार मानसस्मा?"

दिपमाला ओट्यावरून उतरली आणि नाल्याकडे निघाली.

ताईबाई माहेराहून आली ती थेट वावरात गेली. दिपमाला तिथेच निंबाखाली बसून होती. ही बातमी काकूला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू द्यायची नाही, एवढं तरी तिने ठरवलं होतं. ताईबाईने बांधावर उभं राहून पाहिलं. हातातली माहेरची पिशवी खाली ठेवली. वाकून मूठभर माती उचलली आणि चुरली.

"हाई कोनी माटी शे?"

"आबासनी."

"मनी कोठे गयी?"

"त्यासना वावरमा."

"त्यासले कोनी सांगं?"

"मी," दिपमाला म्हणाली.

ताईबाईने शिव्या दिल्या. जेसीबीला दिल्या, ट्रॅक्टरला दिल्या, कुंदनला आणि त्याच्या गॉगलला दिल्या, अर्ध्यात टाकून गेला म्हणून मेलेल्या सुपडूला दिल्या. दिपमालाला मात्र एक शब्दही बोलली नाही. दिपमालाला वाटत होतं, माझ्या थोबाडीत मारा, पण असं करू नका. ताईबाईने पिशवीतून भावाने दिलेल्या सांजोऱ्या काढल्या, एक तिच्या हातावर ठेवली आणि घरी निघून गेली.

श्रावणात कानबाई आली. गहू घेताना आबा मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "यंदा ताईबाईना नावनी बी मूठ टाका." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आबांचं मन केवढं मोठं म्हणून. दिपमालाला बोलावणं घेऊन पाठवलं. तिला जायची लाज वाटत होती, पण न जाण्याची त्याहून जास्त.

ताईबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांग तुना बापले, मना घरमा मनी डाळ शे आजून."

म्हणजे मागल्या हंगामाची. लाल गाठींची. मडक्याच्या तळाशी किती उरली होती ते दिपमालाला दिसत होतं.

दिवाळीत ती डाळ संपली. पेरणी तोंडावर आली आणि दिपमालाने शेवटचा उपाय काढला. ताईबाईच्या वावरातले जिवाणू तिने गाठींतून काढून कॉलेजच्या फ्रिजमध्ये जपले होते. ते तिने वाढवले आणि डबा भरून गावी आणले. ओसरीत गुळाचं पाणी केलं, त्यात ते कालवले आणि बियाण्याला हलक्या हाताने चोळले. सावलीत गोणपाटावर हरभरा वाळत पडला. ताईबाई कडेला बसून पाहत होती.

"ह्या त्याच शेतस का?"

"त्याच, काकू. तुमनाच वावरना."

"इतला दिन कोठे व्हतात?"

"फ्रिजमा."

"बरं शे. कोनी तरी थंडामा ऱ्हायनं," ताईबाई म्हणाली. पण मग तिनेही एक मूठ बियाणं घेतलं आणि दिपमालासारखंच हळू हळू चोळायला लागली. कित्येक महिन्यांनंतर दोघी शेजारी बसल्या होत्या. दिपमालाला त्या दिवशी फार बरं वाटलं. इतकं की तिने स्वतःलाच माफ करायला सुरुवात केली होती.

खरं तर तिला माहीत होतं. विद्यार्थ्यांना ती हेच शिकवायची. बाहेरून आणलेले जिवाणू बियाण्याबरोबर मूठभर जातात, आणि जमिनीत आधीपासून ठाण मांडून बसलेल्यांची गणतीच नसते. मूळ फुटलं की जो आधी पोचेल आणि जास्त असेल त्याला घर मिळतं. चांगला कोण, हे झाडाला दारात कळत नाही. कळतं ते जेवायला घातल्यावर. मग ते आळशाची रसद तोडतंही, पण सगळेच आळशी निघाले तर ते तरी काय करणार? हे सगळं माहीत असूनही तिने बियाणं चोळलं, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

मधल्या काळात तिचा शोधनिबंध छापून आला. त्यात पिंपळनेरपासून सावद्यापर्यंतचा नकाशा होता, कामसू जिवाणूंच्या जागी लाल ठिपके आणि फुकट्यांच्या जागी पांढरे. पूर्वेकडे, केळीच्या पट्ट्यात, पांढऱ्यांची गर्दी. तापीकाठी त्या गर्दीत एकच लाल ठिपका होता. कॉलेजात तिचं अभिनंदन झालं, पेढे वाटले. नकाशातला ठिपका लालच राहिला. तो खरवडून न्यायला कोणी जेसीबी आणला नाही.

डिसेंबरात ती गावी आली. आधी आबांच्या वावरात गेली. पानं हवी तशी काळपट दिसेनात म्हणून आबांनी ठिबक उघडून युरिया सोडलाच होता. मुळांवर चार-दोन गाठी, त्या पांढऱ्या. आबा आताशा कोणाला मुळं दाखवत नव्हते. "आम्ना पोरनं शास्त्र बी तसंच निंघनं," असं ते रुपचंदला म्हणाले होते, आणि रुपचंद "वा आबा" म्हणाला होता.

मग ती नाल्याकडे गेली. ताईबाईचा हरभरा लांबूनच पिवळा दिसत होता. ढोपराला लागायचा तो घोट्याशीच थांबला होता. निंबाच्या फांदीवर आंब धरायचं धुडकं कोरडंच लटकत होतं. पानंच एवढीशी, आंब कुठून येणार? ताईबाई वाफ्यात उकिडवी बसली होती. तिने स्वतःच एक झाड उपटलं आणि माती झटकली.

मूळ गाठींनी लगडलेलं होतं. मुळी दिसत नव्हती.

दिपमालाने हात पुढे केला, पण ताईबाईने झाड दिलं नाही. बघून बघून तिला आता येत होतं. अंगठ्याच्या नखाने तिने एक गाठ चिरली. दुसरी चिरली. मग एकेक करत मुळावरच्या सगळ्या चिरल्या, कुठे घाई नाही, शेंगा सोलाव्यात तशा.

"काकू, बांधाकडलं एक झाड देखूत," दिपमाला म्हणाली. "कडेला जुनी माटी जराशी ऱ्हायेल आसी. तठली एखादी गाठ लाल निंघी."

"ऱ्हाऊ दे व माय." ताईबाईने झाड बाजूला ठेवलं आणि नखातला पांढरा लगदा पदराला पुसला. "आते आपला बठ्ठासना रंग एकच व्हई गया. सांग तुना बापले, पुढला सालले कानबाईले मी येसू. त्यासना वाटाना रोट खावाले."